तागडीचे वचन

अन्नपाक्यमने पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा तंगपुष्पम टीचर दोनशे सतरावी चिठ्ठी लिहीत होत्या. शाई ओली होती. त्यांनी टाक दौतीच्या कडेला टेकवला आणि मान वर केली.

"थडग्याचा दगडवाला आलाय," अन्नपाक्यम म्हणाली. "नाव झालं, तारखा झाल्या. आता वचन मागतोय. टीचरांकडून मोठ्या अक्षरात लिहून आणा म्हणतो, म्हणजे तसंच्या तसं उतरवता येईल त्याला."

टीचरांनी चिठ्ठीला हात लावला नाही. वाचायची गरजच नव्हती. घडी पडून पुठ्ठ्यावर मधोमध पांढरी रेघ उमटली होती, घामाने कडा मऊ होऊन सुटल्या होत्या. पण शेवटच्या अक्षरापाशी मोहरीएवढा शाईचा डाग तसाच होता. नवा टाक पहिल्यांदा कागदावरून उचलताना पडतो, तसा डाग. जानेवारीपासून त्या हाच डाग शोधत होत्या.

एलीमपुरम या ख्रिस्ती गावात नव्या वर्षाच्या सकाळी देवळात उपासना झाली की प्रत्येक माणूस वेदीपुढे जातो आणि ताडाच्या पानांनी विणलेल्या पेटीत हात घालून एक चिठ्ठी उचलतो. तिच्यावर देवाचे एक आश्वासन असते. ते वर्षभर त्या माणसाचे. कोणी ते दाराच्या चौकटीला चिकटवतो, कोणी पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानात ठेवतो. त्या वर्षात माणूस गेला, तर तेच वचन त्याच्या थडग्यावर कोरतात. देवाने त्याच्याशी बोललेला तो शेवटचा शब्द, असे गाव मानते.

चिठ्ठ्या लिहिण्याचे काम पूर्वी टीचरांच्या वडिलांकडे होते. ते गावचे उपदेशक. त्यांनी एका जाड वहीत पाचशे आश्वासने निवडून क्रमांक घालून ठेवली होती. शाप, धमकी, न्यायाचा दिवस यांतले एकही वाक्य त्या वहीत नव्हते. वर्षाच्या पहिल्या दिवशी माणूस विश्वासाने पेटीत हात घालतो, तिथे त्याला विंचू चावता कामा नये, असे ते म्हणत.

घरात मात्र त्यांचा नियम वेगळा होता. मुलगी खोटे बोलली किंवा तिने गणितात हलगर्जीपणा केला, की ते तिला एक वाक्य शंभर वेळा लिहायला बसवत. शास्त्रातली, मेजवानीला बसलेल्या एका राजाची ती हकीकत. भिंतीवर नुसता एक हात उमटतो, आणि राजाला तागडीत तोलले, तो कमी भरला, असे लिहून जातो. छोट्या तंगपुष्पमला त्या राजापेक्षा त्या हाताची भीती वाटे. हाताला मनगटापुढे काहीच नसे. तिने ते वाक्य इतक्या वेळा लिहिले की तिचा उजवा हात ते तिच्यापासून वेगळे शिकला. आता सदुसष्टाव्या वर्षीसुद्धा नवा टाक चालतो का ते पाहायला एखादा फुकट पुठ्ठा घेतला, की हात आपोआप तेच लिही. त्यात गोल वळणे होती, लांब उभ्या रेघा होत्या, टाकाची सगळी परीक्षा होई. लिहून झाले की टीचर तो पुठ्ठा फाडून टोपलीत टाकत.

मागच्या डिसेंबरात त्यांनी चारशे तीस चिठ्ठ्या लिहिल्या, तीनदा मोजल्या आणि पेटी देवळाच्या पाळकांच्या हवाली केली. मोजणी चोख होती. जानेवारीच्या शेवटी खण साफ करताना टिपकागदाखाली एक चिठ्ठी सापडली. वहीतल्या क्रमांकाची, नीट लिहिलेली, पुरी वाळलेली. टीचर तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. चारशे तीस पेटीत गेल्या होत्या आणि ही इथे होती. म्हणजे पेटीत गेलेल्यांपैकी एक वहीतली नव्हती. आकडा बरोबर होता, म्हणूनच चूक होती. मग त्यांनी आठवून पाहिले. त्या महिन्यात टाक चार वेळा बदलला होता. पुठ्ठे तीनच फाडल्याचे आठवत होते.

त्या दिवसापासून त्या गावभर फिरत होत्या. महिला मंडळाच्या कामाने घरोघर जाणे होतेच. रक्तदाबाची चौकशी करायच्या आणि नजर चौकटीवर ठेवायच्या. एका लहान वहीत चारशे तीस नावे लिहून त्यांनी एकेका नावापुढे खूण करायला घेतले. दोनशे अडुसष्ट खुणा झाल्या. रविवारी उपासनेत उरलेल्यांचे चेहरे पाहायच्या. कोण खाली बघतो, कोण प्रभुभोजनाला पुढे येत नाही. एखाद्या रविवारी उभे राहून सगळे सांगता आले असते. पण मग चारशे तीस माणसे घाबरतील आणि जिला ती चिठ्ठी मिळाली त्या व्यक्तीने कदाचित ती नीट वाचलीही नसेल, असे त्या स्वतःला समजावत. हे कारण खरे होते आणि पुरेसे नव्हते.

वर्षभरात गावात चार माणसे गेली. तिघांच्या दगडासाठी टीचरांनी वचने लिहून दिली. तिन्ही वहीतली निघाली. दर वेळी सुटल्यासारखे वाटे, आणि मेलेल्याच्या दारात आपल्याला सुटल्यासारखे वाटते याची लाज वाटे. चौथा वेदमुत्तु अण्णाची, चौकातला दुकानदार. नऊ वर्षे तो देवळात फिरकला नव्हता. या नव्या वर्षाला बायकोने, अन्नपाक्यमने, हट्ट केला म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आला होता आणि सगळ्यांत शेवटी पेटीजवळ गेला होता. एकोणीस ऑगस्टला दुकानातच, खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. दफनानंतर टीचरांनी चिठ्ठीचे विचारले होते. सदऱ्याच्या खिशात होती, दगडाच्या वेळी आणते, एवढेच अन्नपाक्यम म्हणाली होती.

"आधी वाचून तरी दाखवा," अन्नपाक्यम आता म्हणाली. ती समोरच्या बाकावर बसली होती, पाय जवळ घेऊन, जणू उठायची तिला घाई होती. तिला अक्षरओळख नव्हती.

टीचरांनी चिठ्ठी उचलून डोळ्यांसमोर धरली. तिच्या कडेवरून त्यांना टेबलावरची, अजून न वाळलेली दोनशे सतरावी दिसत होती. त्यांनी ती वाचली. केस पिकेपर्यंत माणसाला कडेवर वाहून नेणाऱ्या देवाचे वचन होते ते. आवाज थोडाही हलला नाही. चाळीस वर्षांच्या शिकवण्याने आवाजाला तेवढी शिस्त लागली होती.

अन्नपाक्यमने ऐकून घेतले. मग पदराचे टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "हे चौथं झालं."

"काय चौथं?"

"मला वाचता येत नाही टीचर. ऐकता येतं."

मग ती सांगू लागली. नव्या वर्षाच्या संध्याकाळी प्रार्थनेला बसल्यावर तिने वेदमुत्तुला चिठ्ठी वाचायला सांगितली. त्याने वाचली, त्यात देव हात धरून चालवणारा होता. आठवड्याने पुन्हा वाचायला लावली, तर देव घराभोवतीची भिंत झालेला. फेब्रुवारीत तो वाटेवरचा दिवा होता. "मी म्हटलं, देव दर महिन्याला नवी नोकरी धरतोय का? हसतील असं वाटलं. हसले नाहीत. घडी घातली नि खिशात ठेवली. दाराला लावा म्हटलं तर म्हणाले, वाळूनं खराब होईल. सगळ्या गावाच्या दाराला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, त्यांना नाही लागत वाळू?" ती थांबली. "शास्त्रातलं वाक्य दुसऱ्या दिवशी बदलत नसतं, एवढं मला कळतं. आता तुम्ही कडेवर नेणारा काढलात. खरं काय लिहिलंय?"

टीचरांनी चिठ्ठी टेबलावर सपाट केली आणि जे होते ते वाचले. ज्याची चिठ्ठी, तो तागडीत तोलला गेला आहे, आणि कमी भरला आहे.

बाहेर ताडाची सुकी पाने एकमेकांवर खरखरत होती. अन्नपाक्यमने पुन्हा वाचायला सांगितले. टीचरांनी पुन्हा वाचले.

"त्यांच्या तागडीचं देवाला कुणी सांगितलं?" तिने विचारले. विचारताना तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"देवानं नाही लिहिलं हे," टीचर म्हणाल्या. "मी लिहिलं."

आणि त्यांनी सांगितले. नवा टाक, फुकट पुठ्ठा, न फाडलेला चौथा, टिपकागदाखाली सापडलेली चिठ्ठी, लहान वहीतल्या खुणा. फळ्यावर गणित सोडवावे तसे पायरीपायरीने सांगितले, कारण दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने सांगायचे ते त्यांना येत नव्हते. शेवटी माफी मागायची होती, ती राहून गेली.

"चाळीस वर्षं लोकांच्या पोरांच्या पाट्या तपासल्यात," अन्नपाक्यम म्हणाली, "आणि स्वतःची एक चिठ्ठी तपासता आली नाही तुम्हाला."

"नाही आली."

"जानेवारीपासून माहीत होतं."

"हो."

"माझ्या दुकानात दर आठवड्याला येत होतात. त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाहीत कधी?"

टीचरांनी टेबलावरच्या चिठ्ठीकडे पाहिले. दुकानदाराच्या तोंडाकडे कोण बघते? माणूस काट्याकडे बघतो.

मग अन्नपाक्यमने जे सांगितले ते तिने आजवर कोणाला सांगितले नव्हते, आपल्या तीन लेकींनाही नाही. दुकानात पाच किलोचे एक वजन होते. वजनाच्या बुडाला भोक असते, त्यात शिसे भरून ते बरोबर केलेले असते. वेदमुत्तुने ते शिसे काढले, भोक आणखी कोरले आणि वर मेण भरून काळा रंग दिला. महिन्याचा तांदूळ भरायला येणाऱ्यांसाठी ते वजन. बावीस वर्षे. गावात कोणाला कळले नाही, कारण गावात दुसरी तागडी नव्हती. "मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मेण मीच वितळवून दिलं चुलीवर. त्याच तांदळावर पोरी मोठ्या केल्या मी. तेव्हा चूक तुमची एकटीची असं मी म्हणणार नाही. पण त्यांनीच उचलली ती चिठ्ठी, टीचर. पेटीत चारशे तीस होत्या."

वेदमुत्तु नव्या वर्षाला देवळातून परत आला तो सदरा न बदलता दुकानात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी शहरातून नवे वजन आणले. जुने पोत्यांच्या मागे गेले. मग त्याने झुकते माप द्यायला सुरुवात केली. तांदळाचे पारडे जमिनीला टेकेपर्यंत ओतायचा, वर आणखी ओंजळभर. ज्यांना वर्षानुवर्षे कमी दिले त्यांच्या घरी ताडगुळाच्या ढेपा घेऊन जाऊ लागला. काय निमित्त विचारले तर नव्या वर्षाचे म्हणे, अगदी एप्रिलमध्येसुद्धा. अण्णाची निवडणुकीला उभे राहणार वाटते, अशी चौकात थट्टा चाले. जी घरे आता गावात नव्हती, जी माणसे मेली होती, त्यांच्यापाशी येऊन तो अडला. त्याचे जेवण तुटले. भर दुपारी गिऱ्हाईक नसताना रिकामी तागडी टांगून तिच्यासमोर बसायचा, आणि दोन्ही पारडी सारखी असूनही बोटाने एक पारडे वर उचलून धरायचा.

टीचरांना एप्रिलमधली एक दुपार आठवली.

"मला विचारलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या.

त्या साखर घ्यायला गेल्या होत्या. वेदमुत्तु ओततच होता. पुरे हो अण्णाची, पारडं कधीच खाली गेलं, असे त्या म्हणाल्या. तेव्हा तो हात न थांबवता म्हणाला होता, टीचर, तुम्ही हिशेबातल्या. जुनं उणं राहिलं असेल, तर पारडं सारखं व्हायला आणखी किती घालावं लागतं? आणि त्यांनी पिशवीचे तोंड बांधत सांगितले होते, जितकं उणं तितकंच घालायचं. साधी वजाबाकी.

"रविवारच्या शाळेत पाच वर्षांच्या पोरालाही आम्ही काय शिकवतो?" टीचरांनी आता विचारले, पण अन्नपाक्यमला नव्हे. "की ते पारडं आपल्याच्यानं भरत नाही. कितीही ओता. दुसरा कुणीतरी, देवाचा पुत्र, आपल्या बाजूनं त्यात उतरलाय, म्हणून ते भरतं. आपण फक्त त्याच्यावर विसंबायचं. चाळीस वर्षं शिकवलं हे. चित्र काढून शिकवलं. तो खरंच विचारायला आला, त्या दिवशी मी वजाबाकी सांगितली."

अन्नपाक्यमने मान हलवली, जणू हे तिला अनपेक्षित नव्हते.

"शेवटच्या आठवड्याचं सांगते," ती म्हणाली. "ते ऐका आणि मग सांगा."

ऑगस्टात एके दिवशी वेदमुत्तु दुपारी बाहेर जाऊन आला. कुठे गेला ते बोलला नाही. आला तो सदरा घामाने भिजलेला, खूप लांब चालून आल्यासारखा. आणि म्हणाला, "पुरे झालं. हे भरायचं नाही." मग त्याने जेवायला मागितले. दोनदा भात घेतला, माशाचे कालवण वाडग्याने प्याला. दुसऱ्या दिवसापासून माप सरळ देऊ लागला, काट्यावर काटा. ओंजळ नाही, ढेपा नाहीत. धाकटीचा फोन आला तेव्हा तिच्याशी मोठ्याने हसला. पाचव्या दिवशी गेला.

"त्यांनी निराशेनं हात टेकले, की देवावर सोडून दिलं?" अन्नपाक्यमने विचारले. "दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. हात टेकलेला माणूसपण पोटभर जेवतो. माझा बाप जेवला होता, जमीन गेली त्या दिवशी. तुम्ही उपदेशकाच्या लेक. तुम्ही सांगा. मला मेल्यावर त्यांच्याकडे जायचंय, टीचर. कुठं जायचं ते कळायला नको?"

टीचरांच्या डोक्यात वहीतली पाचशे वचने एकामागून एक येऊन गेली. त्यांतले कोणतेही काढून तिच्या हातावर ठेवता आले असते, आणि ते खोटेही ठरले नसते. पण आजच्या दिवसात एकदा त्यांनी दुसऱ्याचे वचन वाचून दाखवले होते.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

अन्नपाक्यम उठली. चिठ्ठीची घडी घालून तिने ती पुन्हा पदराच्या गाठीत बांधली. टीचरांनी हात पुढे केला होता, तिकडे तिने पाहिले नाही. ही त्यांची आहे, एवढे म्हणाली. दारापर्यंत जाऊन थांबली.

"ते वजन सापडलं असतं तरी कळलं असतं काहीतरी. दुकान रिकामं करताना सगळं बघितलं. पोत्यांच्या मागं नाही, माळ्यावर नाही. विहिरीत टाकलं असेल तर लपवलं म्हणायचं. दुसऱ्या दुकानदाराला विकलं असेल तर मग बोलायलाच नको."

"पाच किलोचं," टीचर सावकाश म्हणाल्या. "वर मूठ असलेलं?"

"तुम्हाला काय माहीत?"

टीचरांनी शाईच्या दौतीला झाकण लावले. त्यांना चपला सापडायला वेळ लागला.

देऊळ तिथून शंभर पावलांवर. तांबड्या टेकाडांवरून येणारी वाळू रस्त्यावर पट्ट्यापट्ट्याने सरकत होती. घंटा वाजवणारा सोलोमन नाताळासाठी बाके घासत होता; दोघींना एकत्र पाहून तो हातातला ब्रश घेऊनच पुढे आला.

पाळकांच्या खोलीचे दार देवळाच्या बाजूच्या भिंतीत आहे. वाऱ्याने ते सारखे आपटे, म्हणून त्याच्या पायाशी एक लोखंडी वजन लावून ठेवले होते. टीचर दर रविवारी त्याच्या बाजूने आत जात. एकदा त्यांच्या साडीचा काठ त्यात अडकलाही होता. हे वजन दाराला कसे आले, हेही त्यांना माहीत होते. ऑगस्टात सोलोमनने ते त्यांना दाखवले होते, आणि पोरांचा चावटपणा असेल, दाराला लावून टाक, असे त्यांनीच सांगितले होते.

अन्नपाक्यम खाली बसली. तिने दोन्ही हातांनी वजन आडवे केले. बुडाला रुपयाएवढे भोक होते. काळा रंग उडाला होता. खाली पिवळे मेण, त्यात वाळूचे कण रुतलेले. तिने अंगठ्याचे नख मेणात दाबले. चंद्रकोरीसारखी खूण उठली.

"हेच," ती म्हणाली.

"हे कधी सापडलं तुला, सोलोमन?" टीचरांनी विचारले.

सोलोमनला तारीख पक्की आठवत होती. शाळेच्या झेंड्याची काठी तो देवळात ठेवतो. ती काढायला तो चौदा ऑगस्टला संध्याकाळी आला, तेव्हा वजन दिसले. अन्नपाक्यमने बोटांवर मोजले. चौदा, पंधरा, सोळा. मोजून झाल्यावर हात तसाच मांडीवर ठेवला. वेदमुत्तुने जेवायला मागितले, तो चौदा तारखेचाच दिवस होता.

"कुठं होतं नेमकं?" टीचरांनी विचारले.

"वेदीच्या पायरीवर. मधोमध. तुम्हाला दाखवलं तेव्हा सांगितलं होतं की, टीचर. मला वाटलं कुणी नवस फेडला, पण वजनाचा कसला नवस?"

"बरोबर काय ठेवलं होतं?" हे अन्नपाक्यमने विचारले. "ताडगूळ, तांदूळ, काही?"

"काही नाही अक्का. नुसतं वजन."

अन्नपाक्यमने टीचरांकडे पाहिले. टीचरांनी तिच्याकडे. दोघींनाही काय म्हणायचे होते ते सोलोमनला कळले नाही. सात महिने ओतत राहिलेला माणूस पाच किलोचे लोखंड उन्हातून इथवर घेऊन आला होता, आणि येताना सोबत भर घालायला मूठभर तांदूळसुद्धा त्याने आणला नव्हता; जे उणे होते ते तसेच देवापुढे ठेवले होते.

"कुणाचं असेल तर घेऊन जा अक्का," सोलोमन म्हणाला. "दाराला मी दगड लावीन."

अन्नपाक्यमने मूठ धरून वजन उचलले. उभी राहून ते एका हाताने तोलले, दुकानात तोलत असेल तसे, कोपर अंगाशी धरून.

"पाच नाही हे," तिने सोलोमनला सांगितले. "कमी आहे."

"दाराला चालतंय," सोलोमन म्हणाला.

मग अन्नपाक्यम टीचरांकडे न बघता म्हणाली, "दगडावर ते पहिलं लिहा. हात धरून चालवणारं."

"ते चिठ्ठीवर नव्हतं, अन्नपाक्यम."

"नव्हतं. तरी त्यांना पाठ होतं."

टीचरांनी मान हलवली. वहीत तसली एकोणतीस वचने होती. त्यांतले नेमके कोणते, ते तिला शब्दाशब्दाने आठवत असणार. त्यांनी विचारले. तिने सांगितले. टीचरांनी कागद आणला नव्हता, म्हणून सोलोमनकडचे वर्तमानपत्राचे चिटोरे घेऊन त्याच्या कडेला पेन्सिलीने लिहून घेतले. लिहून झाल्यावर ते अन्नपाक्यमला वाचून दाखवले. तिने ऐकले, आणि पुन्हा एकदा वाचायला लावले. दोन्ही वेळा ते तेच होते.

"येत्या वर्षी माझी चिठ्ठी तुम्हीच वाचून दाखवा," ती म्हणाली. "जे लिहिलं असेल ते."

"जे लिहिलं असेल ते," टीचर म्हणाल्या.

वारा वाढला होता. दार आपटायच्या बेतात आले, तसे अन्नपाक्यमने वाकून वजन त्याच्या पायाशी ठेवले. मेणाची बाजू खाली करून, पायाने थोडे आत सरकवले. दार वजनाला लागून एकदा हलले आणि उघडेच राहिले.